टॉप फ्लोअर, पश्चिमेची खिडकी आणि ४६० युनिटचं बिल: दुसरा एसी घेऊ की कूलर?

गॅलरीतली_चिमणी (ठाणे)

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय कारण घरात दोन पक्ष पडलेत. आम्ही वर्तकनगरला राहतो, चार मजली जुनी बिल्डिंग, आमचा चौथा मजला म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. हॉलची खिडकी आणि छोटी गॅलरी पश्चिमेला, बेडरूम पूर्वेला. बेडरूममध्ये दीड टनाचा एसी आहे, नऊ वर्षं जुना, इन्व्हर्टर नाही. हॉलमध्ये सासू-सासरे झोपतात आणि खरा प्रॉब्लेम तिथेच आहे.

दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही. बरं, ऊन गेल्यावर तरी गार व्हावं ना, तर नाही. परवा रात्री अकराला मी स्टूलवर चढून छताला हात लावला, पोळ्या झाल्यावर गॅस बंद करून दहा मिनिटांनी तवा जसा लागतो तसा लागला. वर पंखा पाचावर, तो तीच गरम हवा खाली आणून टाकतोय. सासरे ७४ चे, बीपीची गोळी चालू आहे, रात्री तीन-तीनदा उठून बसतात पण बेडरूममध्ये या म्हटलं तर येत नाहीत, "मला एसीने सांधे धरतात" हे ठरलेलं उत्तर.

आता बिल. फेब्रुवारीत २१० युनिट होते, एप्रिलचं आलंय ४६०. फक्त एक एसी रात्री दहा ते सहा. नवरा म्हणतो हॉलला दुसरा एसी लावू, सासूबाई म्हणतात एवढे पैसे घालण्यापेक्षा कूलर आणा, त्यांच्या बहिणीकडे अकोल्याला कूलर आहे आणि तिथे म्हणे दुपारी चादर घ्यावी लागते. मी मध्ये. मुलगा पडदे लावून दिवसभर अंधार करून बसतो, तोही एक ताप, पडदे लावले की वारा बंद आणि उघडले की ऊन आत. कोणी टॉप फ्लोअरवाले असतील तर सांगा तुम्ही काय केलंत. इंटरनेटवरचे "भरपूर पाणी प्या, सुती कपडे घाला" वाले सल्ले नकोत प्लीज, ते आम्ही करतोय.

खारघरचा_वऱ्हाडी

ताई, कूलरचं सांगायचा हक्क माझा, कारण ही चूक मी सोळा हजाराची करून बसलोय. मी मूळचा नागपूरचा, आमच्याकडे होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरतो, त्याला नवीन वाळा लावायचा, टाकीत पाणी भरायचं, खिडकीत बसवायचा आणि मग मे महिना काय करतो ते बघू. तर इकडे बदली झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आणला मोठा कूलर. पहिला दिवस बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उशीचा अभ्रा ओला, पापड मऊ, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर आठवड्यात पांढरी बुरशी, आणि घाम तो तसाच, उलट आता तो वाळतच नव्हता. बायको म्हणाली घरात पाऊस आणलास.

कारण साधं आहे, कूलर पाणी हवेत उडवून गारवा करतो, हवा कोरडी असली तरच ते पाणी उडणार. नागपूर-अकोल्याला मेच्या दुपारी ४४ डिग्री पण हवेत ओलावा १५-२० टक्के, तिथे चांगला कूलर हवा सरळ पंधरा-सोळा डिग्रीने खाली आणतो. इकडे ठाणे-नवी मुंबईत ३४-३५ डिग्री आणि ओलावा ६० च्या आसपास, त्यात खाडी बाजूला. इथे फार तर पाच-सहा डिग्री कमी होणार आणि ती हवा पाण्याने भरलेली, अंगावरचा घाम घेणार कुठून. तुमच्या सासूबाईंची बहीण खोटं बोलत नाहीये, पण अकोला ते अकोला. माझा कूलर आता बाल्कनीत आहे, टाकीत कांदे ठेवतो.

आणि एसी आणि कूलर एका खोलीत कधीच चालवू नका, मी तेही केलंय. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी काढत बसतो आणि बिल तुम्ही भरता.

मीटरवाला_रबाळे

वऱ्हाडी भाऊंनी कूलरचा विषय संपवला. मी वायरिंगची कामं घेतो, घरं रोज बघतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो, वैतागू नका.

पहिलं तुमचं बिल. २१० चे ४६० म्हणजे २५० वाढले, तीस दिवसांनी भागा, रोजचे आठ-सव्वाआठ युनिट. दीड टनाचा जुना नॉन-इन्व्हर्टर एसी कंप्रेसर चालू असताना साधारण दीड किलोवॅट खातो, आठ तासांत कंप्रेसर सत्तर टक्के वेळ चालू धरला तरी तेवढेच होतात. म्हणजे मीटर फास्ट नाही, चोरी नाही, तो एसीच आहे. सगळ्यांचा पहिला फोन "मीटर बदलून द्या" असतो म्हणून आधीच सांगितलं.

स्वतः तपासायचं असेल तर एक सोपी युक्ती. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० लिहिलं असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाला. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा पाच मिनिटं, आणि एकेक वस्तू लावून मोजा. जुना पंखा फुल स्पीडला पाच मिनिटांत वीसेक वेळा लुकलुकवतो. बीएलडीसी पंखा, म्हणजे तो नवीन कमी वीज खाणारा, आठ वेळा. तुमचा एसी एका मिनिटात ऐंशी. लोकांना वॅट सांगून काही समजत नाही पण हे एकदा बघितलं की पोरंसुद्धा रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला लागतात.

आता दुसरा एसी. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि पुढे त्याच्या वर. पुष्कळांना वाटतं ३०१ वं युनिट झालं की सगळं बिल महाग दराने लागतं, तसं नाही, वरचे युनिट तेवढेच वरच्या दराने लागतात. पण हॉल तुमच्या बेडरूमपेक्षा मोठा असणार, वर तापलेलं छत, आणि सासरे दिवसापण घरी. अजून २५० धरले तरी ७१० होतात, म्हणजे २१० युनिट सगळ्यात महाग स्लॅबमध्ये, वर वीज शुल्क १६ टक्के. शिवाय तो एसी कोणाशी भांडणार आहे बघा, माणसांच्या अंगातल्या उष्णतेशी नाही, त्या छताशी. आधी छत आणि पश्चिमेची खिडकी, एसीचं नंतर बघू.

पंखे तुम्ही लिहिले नाहीत, पण नऊ वर्षांचा एसी असेल तर पंखे त्याहून म्हातारे असणार. जुना पंखा ७५ वॅट, वीस तास चालला तर दीड युनिट रोज, महिन्याला ४५. बीएलडीसी ३० वॅट धरा, १८ युनिट. एका पंख्यामागे २७ युनिट वाचले, आणि ते वाचतात वरच्या स्लॅबमधले, जिथे सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांच्या बरंच वर जातं. पंखा अडीच-तीन हजारांपासून मिळतो. हॉलचा आणि बेडरूमचा असे दोनच बदला, किचनचा राहू द्या, तो किती वेळ चालतो. फक्त बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून सरळ स्विच द्यायचा, नाहीतर पंखा घूं घूं करतो आणि लोक म्हणतात माल खराब निघाला.

एसी आहे तो नीट वापरा. २६-२७ वर ठेवा आणि पंखा दोनवर सोबत चालू. १८ वर लावून लवकर गार होत नाही, तुमच्यासारख्या जुन्या मशीनमध्ये कंप्रेसर एकच स्पीडला चालतो, आकडा कितीही लावा, फक्त तो बंद उशिरा होतो. बीईई, म्हणजे एसीला स्टार देणारी सरकारी संस्था, एका डिग्रीमागे साधारण ६ टक्के बचत सांगते, आणि २०२० पासून स्टारवाले एसी चालू केले की २४ वर सुरू व्हावेत असा नियमच केलाय. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, त्याला मेकॅनिक लागत नाही. टायमर पहाटे चारला बंद.

नाव_काय_ठेवू

एवढा हिशोब करण्यापेक्षा सरळ फाइव्ह स्टार इन्व्हर्टर घ्या ना. लाइफ एकदाच मिळते. आमच्याकडे तीन एसी, कोणी मीटरकडे बघत पण नाही.

मीटरवाला_रबाळे

भाऊ, तुमच्याकडे तीन एसी आणि त्यांच्या सासऱ्यांना एकही नको. प्रश्न परत वाचा.

नेरुळच्या_काकू

चिमणी, तुझे सासरे आणि आमचे हे एकाच शाळेतले दिसतात. एसीने सांधे धरतात, पंख्याने सर्दी होते आणि गरमीने झोप येत नाही.

मी आता नेरुळला सिडकोच्या घरात राहते पण वाढले ठाण्यात, चरईत, कौलारू घरात. तुला सांगते, त्या घरात मे महिन्यात दुपारी आम्ही फरशीवर नुसतं आडवं पडून गाढ झोपायचो, आणि पंखा एकच होता तो बाबांच्या खोलीत. कौलं तापायची नाहीत असं नाही, चांगली तापायची, पण कौलं आणि खोली यांच्यात माळा होता. माळ्यावर सरपण, जुनी भांडी, लोणच्याच्या बरण्या आणि बाकी सगळी मोकळी हवा, ती गरम हवा कौलांच्या फटीतून निघून जायची. ताप माळ्यावरच थांबायचा. तुझ्या घराला माळा नाहीये, तुझा स्लॅब म्हणजे कौलंही तोच आणि छतही तोच, दिवसभर खातो आणि रात्री ओकतो.

आता तुझ्या मुलाच्या पडद्यांचं. पडदा आतून लावलास की ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं, ते पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि पडदाच शेगडी होतो, हात लावून बघ. ऊन बाहेरच अडवायचं. आणि आपल्या इकडची खरी गंमत अशी आहे की दुपारनंतर वारा पण पश्चिमेकडूनच येतो, समुद्राकडून, आणि ऊन पण पश्चिमेकडूनच. म्हणून तुझी पंचाईत होते, ऊन अडवलं की वारा गेला. त्याला उपाय चिक. बांबूच्या काड्यांची चिक खिडकीच्या बाहेर, ग्रिलच्याही बाहेरच्या अंगाला सोडायची, खिडकीपासून वीतभर अंतर ठेवून, म्हणजे ऊन चिकवर थांबतं आणि वारा काड्यांमधून आणि बाजूने आत येतो. काचा पूर्ण उघड्या ठेवायच्या, आतला पडदा बाजूला सारायचा. खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी सुतळीने ग्रिलला बांध, नाहीतर वळवाच्या पहिल्या वावटळीत ती शेजारच्यांच्या गॅलरीत जाते, आमची गेलेली आहे, आणि परत मागायला जायचं म्हणजे चहा घ्यावा लागतो.

सकाळी उलटं कर, पूर्वेचं बेडरूम दहापर्यंत झाकून ठेव.

वारा आत आला तर त्याला बाहेर जायला पण वाट हवी हे लोक विसरतात. हॉलची खिडकी उघडी आणि बेडरूमचं दार बंद, मग वारा दारातून डोकावून परत जातो. तुझ्याकडे समोरासमोर खिडक्या आहेत, पश्चिम आणि पूर्व, याला नशीब लागतं ग, आमच्या मुलीचा टॉवरमधला फ्लॅट आहे घणसोलीला, सगळ्या खिडक्या एकाच अंगाला आणि सरकत्या काचा म्हणजे अर्धी खिडकी कायमची बंदच, वर छज्जा नाही, सिडकोच्या जुन्या घरांना निदान वीतभर छज्जा तरी असतो. संध्याकाळी सहानंतर सगळी दारं उघड, किचनचा एक्झॉस्ट अर्धा तास चालव.

सासऱ्यांना रात्री खाली झोपव. छतापासून जेवढं लांब तेवढं बरं. जाड गादी नको, ती अंगाची ऊब धरून ठेवते, फरशी ओल्या फडक्याने पुसून वाळू दे, मग चटई आणि वर एक पातळ सुती गोधडी. गुडघ्यांमुळे खाली जमत नसेल तर दोरीची किंवा नवारीची खाट, खालून हवा खेळते. झोपायच्या आधी पाय घोट्यापर्यंत पाण्यात पाच मिनिटं, मानेवरून ओला पंचा. हे काही तू म्हणालीस तसले सल्ले नाहीत हां, हे करून बघ मग बोल. माठ जांभळी नाक्याला मिळेल, त्यात वाळ्याची जुडी टाक, फ्रिजमधलं पाणी त्यांना देऊ नकोस, ते पीतच नाहीत हे लोक, माठाचं घटाघटा पितात.

आणि एक मात्र गंभीरपणे. वयस्कर माणूस गरमीत बडबडायला लागला, भ्रमल्यासारखं करू लागला, अंग तापलं आणि घाम येईनासा झाला तर सरबत करत बसायचं नाही, अंगावर पाणी मारायचं, पंखा लावायचा आणि १०८ ला फोन. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानावर भर उन्हातल्या सोहळ्यात काय झालं आठवतंय ना, पारा चाळीसच्या खालीच होता आणि तरी माणसं गेली. इकडची दमट गरमी आकड्यावरून कळत नाही.

गॅलरीतली_चिमणी (ठाणे)

काकू, तुमची पोस्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली, चरई म्हटल्यावर त्यांनी तुमचं माहेरचं आडनाव विचारायला सांगितलंय, ते असो. चिक उद्याच बघते. कूलर रद्द, सासूबाईंनी पापडाचं ऐकून स्वतःच रद्द केला.

मीटरवाले दादा, मीटरवर ३२०० च लिहिलंय. मुलाने काल एसी लावून मोजलं, मिनिटाला ८६. पंखा पाच मिनिटांत २१. आता तो घरभर फिरून सगळ्यांचे लुकलुक मोजतोय, गीझरचा आकडा बघून आजोबांना म्हणाला मे महिन्यात गरम पाण्याने आंघोळ करणारे तुम्ही एकटेच.

पण छताचं काय करायचं? गच्ची सोसायटीची. मी स्वतःच्या खर्चाने वर काही लावू शकते का?

सोसायटी_पीडित (घोडबंदर रोड)

या या, आमच्या क्लबमध्ये स्वागत आहे. मी पण टॉप फ्लोअर, आणि तीन वर्षं कमिटीत होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी मार खाल्लाय.

छताला तीन मार्ग. पहिला चुना. पाण्यात विरवलेला चुना गाळून घ्यायचा, चिकटायला थोडा फेविकॉल, गच्ची आधी झाडून धुऊन पूर्ण कोरडी, दोन हात मारायचे, एक आडवा एक उभा. खर्च अगदी किरकोळ, दोन माणसं एका सकाळीत करतात, पण उन्हात करू नका, पांढऱ्या गच्चीवरून जो उजेड डोळ्यांत येतो त्याने संध्याकाळपर्यंत डोकं धरतं, आम्ही सहाला सुरू करून साडेनऊला संपवलं. पावसात धुऊन जातो, दर वर्षी करायचा. दुसरा म्हणजे रेडीमेड पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह कोट, महाग पण काही वर्षं टिकतो आणि वॉटरप्रूफिंगला मदत होते. दोन्हीला एकच शत्रू, धूळ. आमच्याकडे घोडबंदरला बांधकामं आणि डंपर, दीड महिन्यात पांढऱ्याचं खाकी होतं, अधूनमधून झाडूने पाणी मारावं लागतं. खाकी झालेला चुना ऊन परतवत नाही.

फरक किती? मी हॉलमध्ये साधा थर्मामीटर टांगला होता, रात्री दहाला आधी ३४ असायचा, चुन्यानंतर ३१-३२. ऐकायला दोन-तीन डिग्री पण छताला हात लावला की कळतं, तवा होता तो आता फरशी झाला. मेच्या मध्यावर आपल्याकडे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, म्हणजे या दिवसांत भिंतींपेक्षा गच्चीच जास्त मार खाते. म्हणून मजला तिसरा आणि चौथा यात एवढा फरक. तिसऱ्यावाल्यांना ते पटत नाही तो भाग वेगळा.

तिसरा मार्ग पत्र्याची शेड. काकू म्हणतात तो माळा हाच, पत्रा आणि स्लॅब यांच्यामध्ये हवा. गळतीपण थांबते. पण त्याला महापालिकेची परवानगी, जनरल बॉडीचा ठराव, वर्गणी, आणि मग तळमजल्यावाला उभा राहून विचारणार, "माझ्या डोक्यावर गळतंय का?" आमच्याकडे हा विषय सलग तीन एजीएममध्ये "पुढील सभेत घ्यावा" असा लिहिला गेलाय.

कोणीच सोलर बोललं नाही अजून म्हणून मीच बोलतो. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीला कॉमन वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे, किलोवॅटला १८ हजार अनुदान आहे. पॅनल स्टँडवर उभे राहिले की त्यांच्याखालची गच्ची आपोआप सावलीत जाते. मेंटेनन्स कमी होणार म्हटलं की तळमजलापण ऐकतो. टॉप फ्लोअरचं दुःख मांडू नका, त्याला कोणी भीक घालत नाही, कॉमन मीटरचं बिल मांडा.

तुमच्यासाठी आत्ता चुना. सेक्रेटरींना साधं पत्र द्या की माझ्या फ्लॅटच्या वरच्या भागावर स्वखर्चाने चुना मारते, तोडफोड नाही, ड्रिलिंग नाही. यात कोणाला नाही म्हणायला कारण सापडत नाही, आमच्याकडे सापडलं होतं ("वाळवणाला डाग लागतील") पण ते सोडून द्या.

खारघरचा_वऱ्हाडी

वाळवणाला डाग 😂 आमच्या सोसायटीत कबुतरांच्या नावाने नाही म्हणाले होते.

गॅलरीतली_चिमणी (ठाणे)

तीन आठवड्यांनी येतेय, सगळं सांगते.

चुना झाला. सेक्रेटरींनी दोन दिवसांत हो म्हटलं आणि वर बाजूच्या ४०२ वाल्यांनी पण अर्धे पैसे देऊन त्यांच्या भागाला मारून घेतला. आमच्या इमारतीत गच्चीवर विटांचा कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर आहे, त्याने चुना आधी पिऊनच टाकला, तीन हात लागले. रात्री अकराला परत स्टूलवर चढले, हात ठेवून उभी राहू शकले. गार नाही म्हणणार मी, कोमट.

चिक लागली, हॉलला आणि गॅलरीला. पहिल्याच दुपारी सासरे तिथे खुर्ची टाकून बसले, आणि साडेतीनला आमच्या हॉलमध्ये कॅलेंडर फडफडलं, हे या घरात मे महिन्यात पहिल्यांदा झालंय. येऊरच्या डोंगराच्या बाजूने वारा येतो असं इतकी वर्षं लोक म्हणायचे ते कुठे जायचं कोणास ठाऊक. दोन पंखे बदलले. गादी काढली, सासरे दिवाणावर चटई टाकून झोपतात, खाली झोपायला नाही म्हणाले पण छतापासून लांब हे पटलं म्हणून दिवाणाचे पाय कापून घेऊ म्हणतात, त्यांना सध्या थांबवलंय.

आता घोळ. मला काय वाटलं की ऊन अडवणं एवढं चांगलं तर बेडरूमच्या बाजूला पण हिरवी जाळी लावू, सकाळचं ऊन येतं ना. ग्रिलला वरपासून खालपर्यंत घट्ट ताणून बांधली, मस्त दिसत होती. त्याच ग्रिलमध्ये एसीचं आउटडोअर युनिट आहे. दोन रात्री एसी गारच करेना, नुसता घरघरायचा आणि मध्येच बंद पडायचा, मुलगा मोजून आला तर मिनिटाला ८६ चे ९८. गॅस गेला म्हणून मेकॅनिकला बोलावलं, त्यांनी आल्या आल्या खिडकीतून बघितलं, कात्री मागितली आणि जाळी कापली. एवढंच. साडेतीनशे रुपये व्हिजिट चार्ज.

मीटरवाला_रबाळे

हे मी सांगायला हवं होतं, माझी चूक. आउटडोअर खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, समोर जाळी आली की तीच गरम हवा परत फिरून मागून आत ओढतो. त्याच्यावर सावली हवी पण डोक्यावर, छत्रीसारखी, समोर हातभर मोकळी जागा आणि मागे-बाजूला वीतभर. ग्रिलमध्ये त्याच्या समोर कुंड्या, सायकल, वाळत टाकलेली चादर यातलं काहीच नको, मी रोज बघतो. जाळीचा उरलेला तुकडा फेकू नका, दुसऱ्या खिडकीला लावा.

एसी आता किती वाजता लावताय?

गॅलरीतली_चिमणी (ठाणे)

साडेअकराला, २७ वर, टायमर चारला. पंखा दोनवर. रीडिंग अजून चार दिवसांनी आहे पण मुलाने मीटरचा हिशोब लिहून ठेवलाय, या महिन्याचे ३४० च्या आसपास होतील असं म्हणतो, त्यातला अर्धा महिना तर जुन्याच पद्धतीने गेला. दुसरा एसी सध्या कोणी काढत नाहीये.

आणि काल रात्री पावणेतीनला बेडरूमचं दार वाजलं. सासरे उशी घेऊन उभे. म्हणाले हॉल बरा आहे आता, पण तुमच्याकडे २७ वर असतो म्हणे, २७ ला सांधे धरत नसतील, बघू एक दिवस.

नेरुळच्या_काकू

झोपले का मग?

गॅलरीतली_चिमणी (ठाणे)

सातपर्यंत. आज टायमर पाचचा कर म्हणालेत.